पळणाऱ्याला गुण नाही

११ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा तसाही जड जातो. त्यात आज मुख्याध्यापिकांनी बोलावून एक कागद हातात दिला. नवी संचमान्यता, म्हणजे पटावरून किती शिक्षक ठेवायचे याचा सरकारी हिशोब, आला आहे. पट घसरला म्हणून शारीरिक शिक्षणाचं पद गेलं. म्हणजे मी, दीपक तोडणकर, वय चौपन्न, बावीस वर्षं या एकाच शाळेत शिट्टी वाजवणारा माणूस, आजपासून 'अतिरिक्त'. जागा रिकामी असेल तिथे पाठवतील. मानखुर्दचं नाव कानावर आलं.

खोटं कशाला लिहू, रडू वगैरे आलं नाही. नुसतं दमल्यासारखं झालं. गुडघे तर दोन वर्षांपासून संपावरच आहेत.

काळजी वाटली ती मैदानाची. परळमध्ये आता मातीचं मैदान म्हणजे चैन. चारी बाजूंनी टॉवर उठले, पण आमच्या मुलींच्या शाळेमागचा हा तुकडा उरला आणि त्यात खो-खोचे दोन खांब उरले. दरवर्षी बारा मुलींचा संघ इथेच तयार होतो. सगळ्या चाळींतल्या. घरात पाय पसरायला जागा नाही, त्यामुळे इथे आल्या की अशा पळतात की बघत राहावं. मी गेलो की महिन्याभरात तिथे गाड्या उभ्या राहतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

मधल्या सुट्टीनंतर संस्थेचे सचिव हर्षवर्धन साहेब भेटले. संस्थापकांचे नातू, पस्तिशीचे, परदेशात शिकून आलेले, आणि तरी मला वाकून नमस्कार करणारे. म्हणाले, "सर, तुम्हाला कुठेही जाऊ देणार नाही. मार्ग आहे. पिकलबॉल!"

मला वाटलं, लोणच्याचं काहीतरी असावं.

हा म्हणे टेनिस, बॅडमिंटन आणि टेबल टेनिसच्या मधला खेळ. टॉवरवाले वेडे झालेत त्याच्यामागे. रंगमंचासमोरच्या सिमेंटच्या अंगणात एक कोर्ट आखायचं, बाहेरचे सभासद घ्यायचे आणि मी त्यांना शिकवायचं. केंद्र चाललं तर संस्था मला स्वतःकडे ठेवून घेईल. मी एकच विचारलं, "आणि खो-खो?" साहेबांनी माझा हात हातात घेतला. "सर, खांबांना कोणी हात लावणार नाही. शब्द देतो."

भला माणूस आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चार दिवस मोबाइलवर पिकलबॉल बघतोय. बॅट लाकडी पोळपाटाची धाकटी बहीण, चेंडू प्लॅस्टिकचा आणि भोकांचा. खेळ सोपा आहे. गुण मोजणं मात्र डोकं खातं. सर्व्हिस करताना माणूस तीन आकडे ओरडतो. दोन जोड्या खेळतात, मग तिसरा आकडा कोणाचा? हिला विचारलं. ही म्हणाली, "अहो, रिटायर व्हायचं वय झालं तुमचं, आता कसले आकडे?"

या वयात नवशिका होणं फार थकवणारं काम आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आकडे उलगडले! साहेबांनी नवशिक्यांसाठी मराठीत पत्रक लिहायला सांगितलंय. आज मोकळ्या तासाला कच्चं लिहिलं, ते इथेही उतरवतो, म्हणजे मीच विसरलो तर सापडेल.

दोघं विरुद्ध दोघं. गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या जोडीला. समोरच्यांनी रॅली जिंकली तरी त्यांच्या पदरात गुण पडत नाही. फार तर ते सर्व्हिस काढून घेऊ शकतात, आणि तीही लगेच नाही, कारण जोडीतल्या दोघांनाही सर्व्हिसची पाळी असते. पहिला चुकला की त्याच जोडीतला दुसरा, दुसराही चुकला की सर्व्हिस पलीकडे. तिकडे गेल्यावर जो उजवीकडे उभा असेल तो एक नंबर. गुण मिळाला की सर्व्हिसवाल्या जोडीने आपसात जागा बदलायच्या आणि त्याच माणसाने सर्व्हिस चालू ठेवायची. अकराचा गेम, पण दोनचा फरक हवा.

सर्व्हिसच्या आधी मोठ्याने तीन आकडे: आपले, त्यांचे, आणि मी जोडीतला कितवा. 'चार-सहा-एक' म्हणजे आमचे चार, तुमचे सहा, मी पहिला, अजून माझा जोडीदार बाकी आहे.

एकच अपवाद. गेमची सुरुवात करणाऱ्या जोडीला पहिल्या खेपेला एकच पाळी मिळते. म्हणून गेम सुरू होतो 'शून्य-शून्य-दोन'ने. म्हणजे खेळायच्या आधीच आपली एक संधी गेलेली धरायची. हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला इंग्रजीत किचन म्हणतात. त्यात उभं राहून वरचा चेंडू मारायचा नाही, टप्पा पडला तरच आत जायचं. खो-खोची कर्णधार मनवा शेजारी उभी राहून वाचत होती. नववीतली पोर, अंगात वारं. म्हणाली, "सर, किचन काय किचन! मोरी म्हणा ना. सांडल्याशिवाय मोरीत कोण जातं?"

पत्रकात मी 'निषिद्ध पट्टा' लिहिलंय. पण मनात मोरीच बसली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पहिले सहा सभासद आले. त्यातले वरद म्हणून एक सॉफ्टवेअरवाले, समोरच्या टॉवरच्या तिसाव्या मजल्यावर राहतात. बॅडमिंटन खेळलेले, त्यामुळे प्रत्येक रॅली जिंकली की स्वतःला गुण देऊन मोकळे. 'शून्य-शून्य-दोन' ऐकल्यावर भडकले. "वेट वेट, आम्हाला दोन का नाहीत? त्यांना स्टार्टलाच दोन?" मी समजावलं. पुन्हा समजावलं. तिसऱ्यांदा माझा मलाच गोंधळ झाला.

पलीकडे मातीत मुलींचा सराव संपला होता. मनवा पाणी पिता पिता आली आणि सरळ वरदना म्हणाली, "दादा, खो-खो बघितलाय का? जी पळते ना, ती कितीपण वेळ टिकली तरी तिला गुण नाही. गुण पकडणाऱ्या साइडला. सर्व्हिस म्हणजे पकडायची पाळी. आता तुम्ही पळताय. पळा नीट, समोरच्या दोघांना दमवा, मग तुमची पाळी येईल. तेव्हा घ्या गुण."

वरदनी कपाळावर हात मारला. "ओह! मग असं सांगा ना!"

बावीस वर्षं खो-खो शिकवतोय आणि हे मला सुचलं नाही. मुलींना मग मीच बॅटा दिल्या. बाराच्या बारा जणींना दहा मिनिटांत स्कोअर कळला. कोण एक, कोण दोन, कोणी कुठे उभं राहायचं, काही सांगावं लागलं नाही. ज्यांना रोज पळताना मोजावं लागतं त्यांना हे कठीण कसं वाटेल? साहेब वरच्या गॅलरीतून बघत होते. खूश दिसले. बऱ्याच दिवसांनी माझाही चेहरा हसरा होता म्हणे, मुलींनी सांगितलं.

४ डिसेंबर, गुरुवार

सभासद एकवीस झाले. आज तक्रार आली. मुली संध्याकाळी पळतात त्याची धूळ कोर्टावर येते, चेंडू घसरतो, एका बाईंना शिंका थांबेनात. खरं आहे, धूळ येतेच. मातीतून अत्तर कसं उडेल?

साहेबांनी फार समजूतदारपणे तोडगा काढला. खो-खोचा सराव फक्त मंगळवार, गुरुवार, तोही पाचच्या आत संपवायचा. शाळा सुटते साडेचारला. म्हणजे हातात अर्धा तास. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाले, "सर, तात्पुरतं आहे. आणि एक काम करा. मैदान वापराची नोंदवही ठेवा. रोज कुठल्या खेळाला किती जण आले, तारीखवार, तुमच्या सहीने. बैठकीत दाखवायला हवं. वापरातलं मैदान कोणी काढून घेत नाही."

पटलं मला. आजच जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि रकाने आखले. हजेरीच्या बाबतीत माझ्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

आज खो-खोला फक्त दोघी. मनवा आणि तिची मैत्रीण. त्याही सरावाच्या कपड्यांत नव्हत्या. कोर्टाच्या कडेला उभ्या राहिल्या. मी नव्या सभासदांना उजवी-डावी बाजू समजावत होतो. एका काकांनी सर्व्हिसच्या आधी 'सात-पाच-तीन' म्हटलं, तिसरा सर्व्हिसवाला कुठून आणला कोण जाणे, सगळे पोट धरून हसलो. मागे वळून बघतो तर दोघी गेलेल्या.

काही काम होतं तर थांबायचं ना. नोंद: खो-खो २.

१८ डिसेंबर, गुरुवार

खो-खो शून्य. मंगळवारीही शून्य. सहामाहीचे पेपर कधीच संपले, मग कारण काय? वर्गात विचारलं तर कोणी क्लास म्हणते, कोणाचा पाय मुरगळलाय. मनवा म्हणते आईला बरं नाही.

वही उघडून बसलो तेव्हा एकदा मनात आलं, सात-आठ लिहून टाकावं. कोण बघतंय? पण हात धजेना. आजवर एकाही मुलीची खोटी हजेरी मांडलेली नाही, आता काय सुरुवात करायची. शून्य लिहिलं आणि सही केली.

राग आला पोरींचा. मी या वयात यांच्या मैदानासाठी पोळपाट घेऊन नाचतोय आणि यांना साधं यायला नको.

२३ डिसेंबर, मंगळवार

लालबागच्या बाजारात बोंबील घ्यायला गेलो. मनवाची आई गुणवंती तिथे बसते. आजारी म्हणावी तर समोर पाटीवर सुरमई कापत होती, हात यंत्रासारखा. मी म्हटलं, "आता बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. मग थांबली. "कोण बोललं, पोर बोलली?"

मी हो म्हटलं. तिने सुरी खाली ठेवली. "ती पाचच्या आत घरात येऊन बसते, सर. भांडी घासते, पाणी भरते, बोलत नाय कोणाशी. आधी घरात टिकायची नाय. मी बोलले, सरांनी काढली काय तुला?"

"मी कशाला काढीन?"

ती माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मी काहीतरी विसरलोय आणि आठवायची ती वाट बघतेय, असं. मग म्हणाली, "तुम्हाला ठाव नसेल तर ऱ्हाऊ दे. वाटा घ्या, ताजा हाय."

पैसेही कमी घेतले. आईला लेकीच्या खोटेपणाची लाज वाटली असणार. हे मोबाइलचे प्रताप. एकदा पोरगी त्यात अडकली की मैदान सुटलंच.

२ जानेवारी, शुक्रवार

साहेबांनी नव्या वर्षाची भेट म्हणून टीशर्ट दिला. निळा, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'कोच'. शाळेत आजवर मला खडू, शिट्टी आणि शिपायाच्या रजेवर घंटा एवढंच मिळालं होतं. हिने तो इस्त्री करून दिला. आरशात बघितलं. पोट थोडं दिसतं, पण वाईट नाही.

सभासद अठ्ठेचाळीस. आता सकाळी सहालाही एक तुकडी. पाचला उठतो, दिवसभर शाळा, संध्याकाळी पुन्हा तेच. घरी येऊन बूट काढायलाही वाकवत नाही. पण कोणीतरी 'कोच' म्हणून हाक मारली की त्या शिणातही बरं वाटतं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटतं.

१२ जानेवारी, सोमवार

जिल्हास्तरीय खो-खोचा अर्ज आज शेवटचा. सामने चोवीसला, वडाळ्यात. मनवाला स्टाफरूमबाहेर बोलावलं. "बारा नावं लिहून दे."

"सर, या वर्षी नको."

"का?"

"अभ्यास."

माझा पारा चढला. "नववीचा कसला अभ्यास? महिनाभर एक जण फिरकत नाही. मैदान तुमच्यासाठी राखायला मी ऊर फुटेस्तोवर धावतोय. कळतंय का काही?"

तिने मान खाली घातली. तोंड लाल झालं होतं. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. माझ्या अंगावर तो निळा टीशर्ट होता, त्याच्याकडे बघून म्हणाली, "छान दिसतो सर तुम्हाला." आणि गेली.

उद्धटपणा की काय हे? अर्ज कोराच फाडला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

२४ जानेवारी, शनिवार

सभासदांची पहिली स्पर्धा. साहेबांनी मुद्दाम हीच तारीख ठेवली नसावी, सुट्टीचे दिवस जुळले असतील. मी पंच. वरद अंतिम फेरीत होते. समोरच्या जोडीने ओळीने पाच रॅली मारल्या तरी त्यांच्या नावावर तीनच गुण चढले, कारण पहिल्या दोन रॅली वरदच्या जोडीची सर्व्हिस काढून घेण्यातच गेल्या. प्रेक्षकांत कोणी ओरडलं, "हा काय अन्याय!" वरदनीच वळून सांगितलं, "पळणाऱ्याला गुण नसतो, काका!" सगळे हसले. त्यांना ते वाक्य कोणाचं ते आठवलंही नसेल.

दुपारी तीनच्या सुमाराला घड्याळ बघितलं. वडाळ्यात उपांत्य सामना सुरू झाला असेल. कोणाला बोलून दाखवलं नाही. दाखवणार कोणाला?

२९ जानेवारी, गुरुवार

संस्थेच्या ठरावाची प्रत आज सूचना फलकावर लागली.

'मैदान वापर नोंदवहीनुसार दिनांक १६ डिसेंबर ते २४ जानेवारी या काळात खो-खोसाठी एकूण उपस्थिती शून्य असल्याने, सदर मैदानाचे सपाटीकरण करून तेथे पिकलबॉलची दोन कायमस्वरूपी कोर्टे उभारण्यास मंजुरी देण्यात येत आहे.' खाली माझ्या वहीच्या पानांच्या छायाप्रती. रोजच्या रोज. माझं अक्षर, माझे रकाने, माझी सही.

फलकासमोर किती वेळ उभा होतो माहीत नाही. शिपायाने येऊन विचारलं, सर, बसताय का?

३० जानेवारी, शुक्रवार

सकाळी आलो तेव्हा दोघं जण खांब उपटत होते. पहिला निघाला होता. दुसरा हलेना, मी स्वतः तो तीन फूट खोल पुरून घेतला होता. शेवटी कापला.

साहेबांकडे गेलो. "तुम्ही शब्द दिला होता," एवढंच म्हणू शकलो. त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. "सर, खांबांना हात लावायची माझी इच्छा होती का? पण खेळायला कोणी येतच नाही. हे मी नाही म्हणत, तुमची वही म्हणते. तुमच्यासारख्या माणसाने लिहिलेलं मी खोटं कसं ठरवू?" मग एक लिफाफा दिला. मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक, निवृत्तीच्या वयापर्यंत. सोमवारी सही करून द्यायची.

आवाज तसाच गोड होता. पहिल्या दिवसापासून तसाच होता. मीच मूर्ख. वापरातलं मैदान कोणी घेत नाही म्हणाले, आणि मी रोज इमानेइतबारे लिहून दिलं की ते वापरात नाही.

३१ जानेवारी, शनिवार

अर्धा दिवस शाळा. सुटल्यावर मनवाला थांबवलं. मागच्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो, समोर उखडलेलं मैदान. काल दिवसभर मी काय बोलायचं ते ठरवत होतो, शेवटी सरळच सांगितलं.

"मनवा, मैदान गेलं. माझ्यामुळे गेलं. मी हजेरी लिहीत राहिलो, त्याच हजेरीने गेलं. तुम्हाला बोललो ते चुकलंच. मला माफ करा सगळ्या जणी."

ती म्हणाली, "आम्हाला माहीत होतं सर, मैदान जाणार ते."

"कधीपासून?"

"धुळीचं भांडण झालं ना, त्याच्या नंतर. हर्षवर्धन सरांनी आम्हाला बोलावलं, बारा जणींना. ज्यूस दिला. बोलले, तोडणकर सरांची पोस्ट गेलीय. मानखुर्दला पाठवणार होते, आम्ही थांबवलंय. मेंबर टिकले तर सर टिकतील. तुमच्या धुळीने मेंबर गेले तर आमचा इलाज नाही. आणि सरांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल."

"आणि तुम्ही ऐकलंत?" मी विचारलं.

"मग आम्ही मत घेतलं," ती म्हणाली. "हात वर करून. बाराच्या बारा. मी तरी तुम्हाला सांगायला आलेली त्या गुरुवारी. दोघी आलेलो. तुम्ही त्या काकांना स्कोअर शिकवत होतात. हसत होतात, सर. दिवाळीपासून तुम्ही सारखे दमलेलेच असायचात. मग मी मैत्रिणीला बोलले, चल, नको."

म्हणजे मी त्यांचं मैदान वाचवायला कोर्टावर उभा होतो आणि त्या मला वाचवायला घरात बसून होत्या. मी त्यांना शून्य लिहीत होतो. आणि त्यांच्यावर चिडत होतो! गुणवंती त्या दिवशी माझ्याकडे का बघत होती ते आज कळलं. पन्नाशी उलटलेला माणूस पायरीवर बसून चौदा वर्षांच्या मुलीसमोर रडला. रडलो, लपवत नाही.

मग डोळे पुसून म्हटलं, "मी त्या कागदावर सही करणार नाही. मानखुर्द तर मानखुर्द. असली नोकरी नको मला."

इतक्या वेळात ती पहिल्यांदा चिडली. उभी राहिली, आवाज फुटला तिचा.

"मग आम्ही मैदान फुकट सोडलं का, सर?"

२ फेब्रुवारी, सोमवार

सही केली.

साहेबांनी पेढे मागवले, वरदनी येऊन पाठ थोपटली. दोन्ही कोर्टांचा पाया आजपासून भरायला घेतलाय. उद्यापासून सकाळची तुकडी सहाला.

सही केली नसती तर मला बरं वाटलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. ताठ मानेने मानखुर्दला गेलो असतो, चारचौघांत सांगितलं असतं की तत्त्वासाठी सोडलं. पण मग त्या बारा जणींच्या हातात काय राहिलं असतं? त्यांनी जे दिलं ते मी घेतलं, एवढंच आज झालं. लाज वाटते. नुसता टीशर्ट अंगात घालतानाही वाटते.

निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत. तेवढी वर्षं रोज तिथेच उभं राहायचं आहे.